सेप्टिक शॉक: श्वास मोजा, लघवी पाहा आणि रोगी कुठे वावरला ते सांगा

आषाढात भातलावणी उरकून आलेल्या माणसाला हुडहुडी भरून ताप येतो. पावसात भिजला, अंग मोडून आले, असे म्हणत घरचे पॅरासिटामॉल आणि पेज देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि घर निश्चिंत होते. पण माणूस काही उठत नाही. हात थंड, धाप लागलेली, विचारले एक तर उत्तर दुसरेच, आणि सकाळपासून लघवीला गेल्याचे कोणाला आठवत नाही. तापमापीवर आकडा ९८ दिसतो म्हणून इस्पितळ आणखी एक रात्र लांबते. सेप्टिक शॉकचे कितीतरी रोगी याच एका रात्रीत हातचे जातात.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो, या आजारात तापाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. श्वास, शुद्ध आणि लघवी या तिन्हींवर नजर ठेवावी. आणि डॉक्टरांना रोग सांगण्याच्या आधी रोगी मागच्या तीन-चार आठवड्यांत कुठे वावरला ते सांगावे, कारण जंतूचा पत्ता बहुधा तिथेच सापडतो.

नेमके काय बिघडते

संसर्ग म्हणजे जंतू शरीरात शिरून वाढणे. त्या जंतूंशी लढताना शरीराचा स्वतःवरचा ताबा सुटतो आणि मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू, यकृत अशा अवयवांचे काम बिघडू लागते, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणतात. २०१६ पासून बहुतेक ठिकाणी हीच व्याख्या धरली जाते. सेप्टिक शॉक ही त्याच्या पुढची पायरी. पुरेसे सलाईन देऊनही सरासरी रक्तदाब ६५ वर ठेवायला औषधाची धार लावावी लागते आणि रक्तातले लॅक्टेट (पेशींना प्राणवायू नीट वापरता आला नाही की साठणारा पदार्थ) लिटरमागे २ मिलिमोलपेक्षा जास्त राहते, ती ही अवस्था. इथवर पोचलेल्या दर दहांपैकी चार किंवा त्याहून जास्त रोगी दगावतात, तेही इस्पितळात उपचार चालू असताना.

गोव्यातली खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, पाहिलेल्याला हे समजावणे सोपे आहे. बांध धड असतो, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, दारे वेळेवर उघडतात आणि मिटतात, म्हणून पाणी हवे तिथे हवे तेवढे राहते. सेप्सिसमध्ये शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्यांची सगळी दारे एकदम सताड उघडतात. पाणी तेवढेच असते, पण दाब उरत नाही. त्यात बांधही झिरपू लागतात, म्हणजे केशवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातला द्रव बाहेर पाझरून फुप्फुसात आणि अंगात साठतो. शिवाय बारीक वाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होतात, आणि पोचलेला प्राणवायूही पेशींना नीट वापरता येत नाही. लॅक्टेट वाढते ते यामुळेच. नुसते सलाईन ओतत राहिले की रोगी सुजतो पण सावरत नाही, त्याचेही कारण हेच. पाणी घालणे ही अर्धी दुरुस्ती झाली. दारे मिटण्याचे काम नॉरअॅड्रेनॅलिन हे रक्तवाहिन्या आवळणारे औषध करते, आणि बांध फोडणाऱ्याला प्रतिजैविकाने व शस्त्रक्रियेने हटवावे लागते.

रक्तदाब सगळ्यात शेवटी पडतो. धडधाकट शरीर आधी नाडी वाढवते, श्वास वाढवते, लघवी थांबवून पाणी राखते, आणि हे सगळे थकल्यावरच दाब कोसळतो. तेव्हा ‘बीपी नॉर्मल आहे’ एवढ्यावर विसंबून रोग्याला घरी ठेवू नये.

घरी पाच मिनिटांत करायची तपासणी

पहिल्यांदा श्वास. रोग्याला कळू न देता छातीवर किंवा पोटावर नजर ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, चूक होते. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. तो २२ किंवा त्याहून जास्त असेल आणि ताप नुकताच उतरलेला असेल, तर तापामुळे श्वास वाढलाय असे म्हणायची सोय उरत नाही. लॅक्टेट साठून रक्तातले आम्ल वाढले की शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकायला पाहते. म्हणून फुप्फुसे ठणठणीत असतानाही धाप लागते.

मग शुद्ध. आज वार कोणता, घरात कोण कोण आहे, असे साधे विचारा. उत्तर उशिरा आले, असंबद्ध आले, किंवा एरवी बोलका माणूस गप्प पडून राहिला, तर ते लक्षण समजा. म्हाताऱ्या माणसांत कित्येकदा एवढे एकच लक्षण असते. ताप नाही, कळ नाही, नुसते ‘कालपासून आजीचे काहीतरी बिनसलेय’. घरच्या माणसाचे हे वाक्य डॉक्टरांनी हसण्यावारी नेऊ नये.

लघवी मोजायची रीत सोपी आहे. तासाला किलोमागे अर्धा एमएल ही किमान मर्यादा, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३० एमएल. घरी मोजमाप नसते, तेव्हा शेवटची लघवी किती वाजता झाली आणि रंग कसा होता ते कागदावर लिहा. सहा-आठ तास लघवी नाही, किंवा झाली ती चार थेंब आणि कडक चहाच्या रंगाची, तर वाट पाहू नका.

त्वचेसाठी बोटाचे टोक दहा सेकंद घट्ट दाबून सोडा. पांढरी पडलेली जागा तीन सेकंदांत पुन्हा लाल व्हायला हवी. गुडघ्यांवर जाळीसारखे निळसर-जांभळे ठिपके उमटले असतील तर रक्त कातडीपर्यंत पोचत नाही. सुरुवातीला मात्र काही रोग्यांचे हातपाय उलट गरम आणि लालसर असतात, कारण दारे उघडलेली असतात. गरम हातांवरून धोका नाही असे ठरवू नये.

तापमापीही लावायची आहेच. १०१ अंश फॅरनहाइटच्या वर जितके वाईट, तितकेच ९६.८ च्या खाली वाईट. किंबहुना थंड पडलेला रोगी जास्त धोक्यात असतो.

बीपीचे यंत्र असेल तर दोन्ही आकडे लिहा. सरासरी दाब काढायला वरच्यातून खालचा वजा करा, उरलेल्याचा तिसरा हिस्सा खालच्यात मिळवा. १००/४० चा सरासरी दाब ६० येतो, म्हणजे वरचा आकडा शंभर दिसूनही तो ६५ च्या खाली आहे. आणि नेहमी १६० असणाऱ्याचा वरचा दाब १०५ झाला, तर त्याच्यापुरता तो पडलेलाच आहे. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर नाडी वाढतच नाही आणि सगळ्यांची फसगत होते. दाब खाली असताना त्या दिवशीची बीपीची गोळी सवयीने देऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा.

तान्ह्या बाळांचे गणित निराळे. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडलेय, अंग गार लागतेय, किंवा श्वास मिनिटाला ६० च्या वर आहे, एवढे पुरे. आणखी काही तपासत बसू नका.

कोणते जंतू, कुठून

डॅनिश वैज्ञानिक हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये जंतू रंगवायची जी पद्धत काढली, तिच्यावर प्रयोगशाळेची पहिली वाटणी आजही चालते. जांभळे राहतात ते ग्रॅम-पॉझिटिव्ह, गुलाबी होतात ते ग्रॅम-निगेटिव्ह. गुलाबी जंतूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. त्याचा अंश रक्तात सुटला तरी शरीर अख्खी फौज बाहेर काढते. जांभळ्यांपैकी काही जंतू अशी विषे सोडतात की त्यांमुळे पांढऱ्या पेशी सरसकट भडकतात.

रोजच्या व्यवहारात सगळ्यात जास्त भेटतो तो ई. कोलाय. आतड्यातला हा रहिवासी मूत्रमार्गात चढला की लघवीला जळजळ, मग पाठीत एका बाजूला दुखणे, मग हुडहुडी. मुतखडा अडकलेला असेल आणि वर पू साठला असेल तर काही तासांत शॉक येतो. त्याचा भाऊबंद क्लेब्सिएला मधुमेहींच्या यकृतात गळू करतो. न्यूमोकॉकस फुप्फुसातून येतो, आणि प्लीहा काढलेल्या माणसाला तर एका दिवसात आडवा करू शकतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस गळवातून, मधुमेहाच्या पायाच्या जखमेतून, किंवा चार दिवस तशीच ठेवलेल्या सलाईनच्या सुईतून. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस घशातून, कातडीतून आणि बाळंतिणीच्या गर्भाशयातून. दिसणाऱ्या लालीपेक्षा दुखणे कितीतरी जास्त असेल आणि लालीची कड तासागणिक पुढे सरकत असेल, तर पेनने त्या कडेवर रेघ ओढा, वेळ लिहा आणि शल्यविशारद असलेले इस्पितळ गाठा. मांसाच्या आवरणात पसरणारा हा संसर्ग मलमाने बरा होत नाही. स्यूडोमोनास आणि अॅसिनेटोबॅक्टर हे बहुतेक इस्पितळातलेच पाहुणे. व्हेंटिलेटर, लघवीची नळी, लांबलेला मुक्काम ही त्यांची वाट.

इथवरची यादी मुंबईत लिहिली असती तरी हीच झाली असती. गोव्यात पावसाळा सुरू झाला की तिच्यात माती आणि पाणी यांची भर पडते.

लेप्टोस्पायरा उंदीर-गुरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि भिजून मऊ पडलेल्या किंवा खरचटलेल्या कातडीतून शिरतो. शेत, कुळागरातले (पोफळीच्या बागेतले) पाट, गोठा, तुंबलेले गटार ही त्याची ठिकाणे. सांजांवच्या सणाला विहिरीत उडी घेतलेली असो, माशेलच्या चिखलकाल्यात लोळलेले असो किंवा चिखलातला फुटबॉल असो, ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. उत्सव सोडायचे काही कारण नाही. घरी आल्यावर साबणाने अंग धुवा आणि पायाला उघडी जखम असेल तर त्या वर्षापुरते काठावर उभे राहा. संसर्गानंतर साधारण ५ ते १४ दिवसांत ताप येतो, कधी महिन्याभरानेही. पोटऱ्या दाबल्या तर रोगी ओरडतो, डोळे लाल होतात पण चिपडे येत नाहीत. पुढे कावीळ, लघवी बंद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे थुंकीतून रक्त. फुप्फुसात रक्तस्राव झाला तर घड्याळ फार वेगाने धावते. सतत अशा पाण्यात उतरावे लागणाऱ्यांना डॉक्टर आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन २०० मिग्रॅ प्रतिबंधक म्हणून देतात. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी ती नव्हे.

मेलिऑइडोसिसकडे सहज दुर्लक्ष होते, म्हणून त्याच्यावर थोडे जास्त लिहितो. अल्फ्रेड व्हिटमोर यांनी रंगूनमध्ये या रोगाचे वर्णन १९११ च्या सुमारास केले. बर्खोल्डेरिया स्युडोमलाय हा त्याचा जंतू चिखलमातीत राहतो. जोराच्या पावसात मातीबरोबर वर येतो आणि कातडीतून, श्वासातून किंवा पाण्यातून शरीरात जातो. याची खरी शिकार म्हणजे मधुमेही. न्यूमोनिया, यकृत-प्लीहेत बारीक बारीक गळवे, पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये पू, सांध्यात पू, अशी त्याची रूपे अनेक. आणि बरे न होणाऱ्या न्यूमोनियाला क्षयरोग समजून महिनोन्महिने गोळ्या चालू राहण्याची भीती असते. प्रयोगशाळेत हा जंतू वाढायला ४८ तास लागू शकतात, आणि घाईत पाहणारा त्याला ‘स्यूडोमोनासची कोणतीतरी जात’ म्हणून टाकतो. ओळखायची खूण अशी: जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींना दाद देत नाही, पण को-अॅमॉक्सिक्लॅव्हला सहसा देतो. असा रिपोर्ट पावसाळ्यात, मधुमेही रोग्याच्या रक्तातून आला तर प्रयोगशाळेला फोन करून पुन्हा पाहायला सांगा. नेहमीचे सेफ्ट्रियाक्सोन इथे पुरत नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम किमान १० ते १४ दिवस शिरेतून, आणि नंतर को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या निदान तीन महिने द्याव्या लागतात. गोळ्या मध्येच सोडल्या की रोग परततो.

स्क्रब टायफस झुडपांतल्या माइट नावाच्या अगदी बारीक किड्याच्या अळीमुळे होतो. काजूच्या बागेत, रान साफ करताना, गुरांमागे फिरताना ती चिकटते. चावलेल्या जागी विडीने भाजल्यासारखा काळा खपला येतो. तो दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रोग्यालाही ठाऊक नसतो. जांघ, काख, स्तनांखाली, कमरपट्ट्याच्या रेषेत पाहावे लागते. कपडे न उतरवता केलेल्या तपासणीत तो सापडायचा नाही. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे यावर चालत नाहीत, डॉक्सीसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन लागते. गंभीर रोग्यांत ही दोन्ही एकत्र शिरेतून दिल्यास एकट्या औषधापेक्षा फायदा होतो, असे भारतात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

आणि एक खाऱ्या पाण्याचा. व्हिब्रिओ व्हल्निफिकस सर्रास आढळत नाही, पण आढळतो तेव्हा दोन दिवसांत पाय किंवा जीव घेतो. तो कोमट, मचूळ पाण्यात असतो, म्हणजे नदी समुद्राला मिळते त्या पट्ट्यात. कुर्ली साफ करताना नांगीचा घाव, तिसऱ्या काढताना शिंपल्याने कापणे, किंवा कच्ची कालवे खाणे ही त्याची दारे. यकृत दारूने किंवा काविळीने खराब झालेल्यांना धोका अनेक पटींनी जास्त. पायावर जांभळे, रक्ताने भरलेले फोड आणि सोबत ताप, एवढे दिसताच निघा. यकृत खराब असलेल्याने तिसऱ्या, शिनाणे, कालवे पूर्ण शिजवूनच खावीत आणि जखम उघडी असताना खाडीत उतरू नये.

ताप तोच, रोग निराळा

डेंग्यूचा शॉक जंतूंचा नसून विषाणूचा असतो, आणि तो बहुधा ताप उतरतानाच येतो. तिथे वरचा आणि खालचा दाब एकमेकांजवळ सरकतात, १००/८५ असे. सेप्टिक शॉकच्या सुरुवातीला उलट अंतर वाढते, १००/४० असे. दोघांना द्रव लागतो, पण डेंग्यूत तो फार जपून, तासातासाला हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) पाहत द्यावा लागतो. मलेरियाची झटपट चाचणी प्रत्येक तापाच्या रोग्यात करावी, ती स्वस्त आहे. सत्तरी तालुक्याच्या रानात गोचिडीने पसरणारा माकडतापही ध्यानात ठेवावा. तोही विषाणूच, प्रतिजैविकाने बरा न होणारा. मेलेले माकड दिसले होते का, हा प्रश्न तिथे विचित्र नाही.

इस्पितळात नेताना

१०८ ला फोन करताना ‘ताप आहे’ एवढेच सांगू नका. ‘श्वास मिनिटाला २८, नीट बोलत नाही, सकाळपासून लघवी नाही’ असे सांगा. पहिल्या वाक्यातच गांभीर्य कळते. काणकोण, सांगे, वाळपई अशा भागांतून थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) धाव घ्यायची की वाटेत थांबायचे, हा प्रश्न पडतोच. आमचे मत असे: शॉकची लक्षणे असतील तर जवळच्या आरोग्य केंद्रात सुई, सलाईन आणि पहिले प्रतिजैविक घेऊनच पुढे निघावे, पण तिथे तासन्‌तास रेंगाळू नये. रिकाम्या शिरेने दीड तासाचा प्रवास करणे हा दोहोंतला वाईट पर्याय.

रोगी गुंगीत असेल तर तोंडात पाणी, पेज, गोळी काही घालू नका. श्वासात जाते. धाप असेल तर टेकवून बसवा, नसेल तर आडवा झोपवा. ताप उतरावा म्हणून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेऊ नका, आधीच तहानलेल्या मूत्रपिंडाला ते आणखी मारते. फार्मसीतून आणलेली दोन-चार अँटिबायोटिक कॅप्सूल आधी घेतली असेल तर लपवू नका. पाकीट सोबत न्या. तिच्यामुळे जंतू रक्तात असूनही कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहतात त्या तपासणीत, उगवत नाही, आणि ते डॉक्टरांना माहीत हवे.

एका कागदावर लिहा: ताप केव्हापासून, शेवटची लघवी केव्हा, मधुमेह, मूत्रपिंड, यकृत, कोणत्या गोळ्या चालू, कशाची अॅलर्जी, गेल्या महिन्यात शेत, चिखल, विहीर, रान, खाडी, जखम, इस्पितळातला मुक्काम. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच सोडल्या असतील तर त्याखाली ठळक रेघ मारा.

पहिला तास: आरोग्य केंद्र आणि अपघात विभागासाठी

खालच्या मात्रा वैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी आहेत. घरच्यांनी वाचल्या तर काय चालले आहे ते कळेल, एवढाच त्यांचा घरी उपयोग.

दोन जाड सुया लावा. त्याच वेळी ब्लड कल्चर. दोन वेगवेगळ्या जागांहून दोन संच, प्रत्येक बाटलीत ८ ते १० एमएल. इथेच सगळ्यात जास्त चूक होते: दोन-तीन एमएल रक्तावर भागवले जाते आणि मग जंतू सापडत नाही. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने कातडी घासून पूर्ण सुकू द्या, पुन्हा बोटाने चाचपू नका, बाटलीचे रबरही पुसा. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. पण कल्चरसाठी प्रतिजैविक पाऊण तासाहून जास्त थांबवूही नका.

लॅक्टेट पाठवा. काही प्रयोगशाळा डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, तेव्हा १८ म्हणजे २ मिलिमोल. वाढलेले असेल तर दोन ते चार तासांनी पुन्हा. मेटफॉर्मिन घेणाऱ्यात आणि यकृत खराब असलेल्यात ते इतर कारणांनीही वाढते, पण पहिल्या तासात त्याची सबब करू नये.

प्रतिजैविक शॉकमध्ये एका तासाच्या आत. मूत्रपिंड बिघडले म्हणून पहिली मात्रा कमी करू नका. कपात पुढच्या मात्रांची. बाहेरून आलेल्या, पावसाळी तापाच्या रोग्याला बहुधा सेफ्ट्रियाक्सोन २ ग्रॅम आणि सोबत डॉक्सीसायक्लिन, म्हणजे लेप्टो आणि स्क्रब दोन्ही धरले जातात. मधुमेही, न्यूमोनिया किंवा गळवे असलेला आणि शॉकमध्ये असेल तर मेलिऑइडोसिस धरून मेरोपेनेम १ ग्रॅम. इस्पितळातून नुकत्याच परतलेल्याला पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम किंवा मेरोपेनेम, आणि एमआरएसएची (नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसची) शंका असेल तर व्हँकोमायसिनही. शेवटी स्थानिक कल्चरचा तक्ता ठरवतो. सेफ्ट्रियाक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एकाच नळीतून एकाच वेळी सोडू नका. कॅल्शियममुळे साका बसतो.

द्रव म्हणून रिंगर लॅक्टेट किंवा नॉर्मल सलाईन, पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० एमएल. ६० किलोला १८०० एमएल. डेक्स्ट्रोज शॉकसाठी नाही. ५०० च्या हप्त्यांनी द्या आणि प्रत्येक हप्त्यानंतर छाती ऐका, श्वास मोजा, बोट दाबून पाहा. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर २५० चे हप्ते. पाय वर उचलून दाब सुधारतो का तेही पाहता येते. फुप्फुसात बुडबुडे ऐकू आले की थांबा.

द्रव चालू असतानाच दाब अगदी खाली असेल तर नॉरअॅड्रेनॅलिनला उशीर नको. मध्यवर्ती नळी नाही म्हणून थांबू नका, कोपराच्या किंवा त्यावरच्या चांगल्या शिरेतून थोडा वेळ चालते, फक्त जागेवर नजर हवी. ४ मिग्रॅ एकूण ५० एमएल केले तर एमएलमागे ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या रोग्याला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम म्हणजे तासाला ४.५ एमएल. लक्ष्य सरासरी दाब ६५, त्याहून जास्त ओढायची गरज सहसा नसते. मात्रा ०.२५ च्या वर जाऊ लागली की व्हॅसोप्रेसिन मिनिटाला ०.०३ युनिट जोडतात, आणि चार तास तशीच राहिली तर हायड्रोकॉर्टिसोन ५० मिग्रॅ दर सहा तासांनी. रक्तातली साखर १८० च्या वर गेली तर इन्सुलिन. लघवीची नळी घालून तासातासाला मोजा.

पू आत असेल तोवर

पू साठलेल्या जागी प्रतिजैविक पोचतच नाही. अडकलेल्या मुतखड्यामागचा पू, पित्ताशय, आतड्याचे छिद्र, मधुमेही पायातले सडलेले मांस, प्रसूतीनंतर राहिलेला वारेचा तुकडा, हे सगळे शक्य तितक्या लवकर, बहुधा ६ ते १२ तासांच्या आत मोकळे करावे लागते. मांस सडवणारा संसर्ग तर त्याहूनही आधी. ‘जरा स्थिर होऊ दे, मग ऑपरेशन करू’ असे ऐकले तर नम्रपणे विचारा की ते केल्याशिवाय स्थिर होईल का. शंका असलेली जुनी सलाईनची किंवा लघवीची नळीही काढून टाकायची, ते विसरले जाते.

रिपोर्ट येतो तेव्हा

कल्चरच्या बाटलीत जंतू वाढल्याचे बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत यंत्राला कळते, मग ग्रॅम रंगाची खबर फोनवर येते, आणि जंतूचे नाव व कोणते औषध लागू हे दोन-तीन दिवसांत. ‘वाढ नाही’ म्हणजे संसर्ग नाही असे नव्हे. लेप्टोस्पायरा आणि स्क्रब टायफसचा जंतू या बाटलीत उगवतच नाहीत. त्यांच्या अँटिबॉडीच्या चाचण्याही पहिल्या पाच-सहा दिवसांत कोऱ्या येऊ शकतात. उलट दोन संचांपैकी एकाच बाटलीत कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस सापडला तर तो बहुधा सुई टोचताना मिसळलेला. दोन संच घ्यायचे ते यासाठीही. जंतू कळला की रुंद पल्ल्याचे औषध बदलून नेमके औषध द्यायचे. यात कंजूषपणा नाही, पुढच्या रोग्यासाठी औषध राखणे आहे.

घरी परतल्यावर

वाचलेला रोगी आठवडाभरात शेतात जाईल ही अपेक्षा सोडा. स्नायू गळतात, झोप मोडते, आठवण कच्ची राहते, भीतीची स्वप्ने पडतात. महिने लागतात. पहिल्या काही महिन्यांत पुन्हा संसर्ग होऊन दाखल होण्याची शक्यताही जास्त असते. मूत्रपिंडाची तपासणी आणि साखर ठरल्या दिवशी करा. प्लीहा नसेल तर न्यूमोकॉकसच्या लशीचे विचारा. डिस्चार्जच्या कागदात कल्चरचा रिपोर्ट जोडलेला नसेल तर मागून घ्या, त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पुन्हा थंडी वाजून ताप आला तर दारातच तो दाखवा, म्हणजे कोणता जंतू होता आणि कोणते औषध लागू पडले, हे शोधण्यात पहिला तास जाणार नाही.